घाबरट पंखा

प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर घरात येऊ देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कॉम्प्युटर तापल्याने कोणाचं काही बिघडत नाही. तो किती तापलाय हे घरातल्या माणसांना कळलं की बिघडतं.

आमच्याकडे ते नवऱ्याने आणलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, त्याने एक लाल आकडा बसवला. तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर पायातले बूट काढायच्या आधी तो आकडा बघतो. "५८? काय चालू होतं?" विचारण्याचा सूर असा, की मी दुपारभर लपूनछपून काहीतरी केलंय. काहीही चालू नव्हतं. एक वर्डची फाईल उघडी होती, आणि तिच्यात मी 'अ' ते 'ज्ञ' टाइप करून ठेवलं होतं.

मी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अलीकडे राहते आणि परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. शनिवारी संध्याकाळी सातला क्लास. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि थंडीत साडेआठ वाजलेले असतात. मुलं दुधाचा कप घेऊन, निम्म्या झोपेत बसलेली असतात. कॉम्प्युटर भाच्याने जुळवून दिलेला. सहा कोअरचा, म्हणजे आत सहा कामकरी भाग असलेला प्रोसेसर, त्याच्याच खोक्यात मिळालेला पंखा, आणि "मावशी, हा तुला दहा वर्षं पुरेल" असं आश्वासन. कामाला तो उत्तमच आहे. तक्रार फक्त आवाजाची.

म्हणजे मी स्लाइड बदलली की भर्रर्र. थांबला. 'घर, घराने, घराला' म्हणून पुढची स्लाइड, की पुन्हा भर्रर्र. जानेवारीतल्या एका शनिवारी एका मुलीने फार काळजीने विचारलं, "ताई, तिकडे पाऊस पडतोय का?" पुढे पुढे मुलांना ठेका इतका पाठ झाला, की माझा हात माउसकडे गेला की ती आधीच तोंडाने "भर्रर्र" करायची. विभक्तीचे प्रत्यय मात्र अजून पाठ नाहीत.

यात एक मेख आहे. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर मागचा आवाज पुसून टाकतं, पण एका लयीत चालणारा आवाज पुसणं त्याला सोपं जातं. आमच्या डोक्यावरचा सिलिंग फॅन वर्षानुवर्षं खडखडतोय, तो न्यू जर्सीत कोणाला ऐकू गेला नाही. जो आवाज दर मिनिटाला चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, तो मात्र त्या चाळणीतून निसटतो. माणसाच्या कानाचंही तेच. रात्रभर चालणाऱ्या पंख्याखाली आपण झोपतो. तोच पंखा कोणी मध्येच चालू-बंद करायला लागलं की उठून बसतो.

तर निदान सुरू झालं.

नवऱ्याचं निदान: प्रोसेसर जळणार. त्याला मी शोधून शोधून माहिती दाखवली, की २०२२ साली एएमडीने रायझन ७००० ही मालिका आणली तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं, भरपूर काम दिलं की हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणार आणि ते बनवलेच आहेत तसे. इंटेलच्या कित्येक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. मर्यादेशी पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तरीही चढत राहिला तर कॉम्प्युटर बंद पडतो, म्हणजे सांभाळायची सोय आतच आहे. नवऱ्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "पण १०० ला पाणी उकळतं." यावर मी काय बोलणार? उकळतं.

भाच्याचं निदान फोनवरून: धूळ. हे अगदीच खोटं नव्हतं. घोडबंदर रोडला राहून धूळ नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. सकाळी टीपॉय पुसावा, दुपारी त्यावर बोटाने नाव लिहावं. कॅबिनेट उघडलं तर कूलरच्या, म्हणजे प्रोसेसरवर पंख्याखाली बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये राखाडी रंगाची रजई तयार झाली होती. ब्लोअरने ती काढली. (काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर हवेच्या झोताने तो नको तितका गरगरतो. हे भाच्याने तीनदा बजावलं.) तापमान थोडं उतरलं. भर्रर्र तसंच.

दुकानातून आलेल्या मुलाचं निदान: "मॅडम, पेस्ट सुकलीये." प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली ती करडी पेस्ट. दोन्ही धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, फटीत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून पेस्ट. त्याने जुनी पुसली, नवी लावली, पैसे घेतले. आकडा चार अंशांनी उतरला. भर्रर्र तसंच. जाताना त्याने दुसरं निदान फुकट दिलं, "कूलरच बदला." आणि चहाचा कप ठेवता ठेवता तिसरं, "नाहीतर एसी लावा."

एसीचं तत्त्व बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. खोलीच्या हवेपेक्षा थंड काही पंखा करू शकत नाही. खोली एक अंशाने तापली की आतला आकडाही साधारण एक अंशाने वर सरकतो. ठाण्याच्या दमटपणाने मात्र त्याचं काही अडत नाही. त्याला घाम येत नाही, त्यामुळे घाम वाळत नाही याचा वैतागही येत नाही. पण वर्डच्या फाईलसाठी एसी लावायचा आणि पोळ्या मी घामाघूम होऊन करायच्या, हा बेत मला पटला नाही.

मग नवऱ्याने स्वतःच्या अधिकारात विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली. दिसायला हा एक टक्का, पण त्याने प्रोसेसरचं बूस्ट, म्हणजे गरज पडली की ठरलेल्या वेगाच्या वर उडी मारणं, बंदच होतं. घर शांत झालं. कॉम्प्युटरही. पीडीएफ उघडायला सांगितली की तो विचार करायचा. मी ते पूर्ववत केलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही. लाल आकड्याने चुगली केली.

दरम्यान मला दुसरा अपराधी सापडला: बॅकग्राउंड ब्लर. माझ्यामागचं सगळं धूसर करायचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेकंदाला तीसेक चित्रांपैकी प्रत्येकात मी कुठे संपते आणि सोफा कुठे सुरू होतो हे त्या बिचाऱ्याने ठरवायचं. ब्लर बंद केला तर क्लासमध्ये ७० च्या पुढे असणारा आकडा ६० च्या घरात येत होता. फक्त मग जगाला आमचा हॉल दिसत होता. इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग, आणि ढिगाशेजारी बनियनवर पेपर वाचणारे माझे सासरे.

"हाय आजोबा!" न्यू जर्सी एकमुखाने ओरडलं.

बाबांनी पेपर खाली केला, हात हलवला. पुढच्या शनिवारी ते सातच्या आत शर्ट घालून, केस विंचरून बसले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या एका वेलांटीची चूक काढली. पण बाबा त्या खोलीत लक्ष देऊन बसू लागले, हीच या प्रकरणातली मोठी घटना, कारण तोवर कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. आयुष्य यंत्रांत घालवून दहाही बोटं शाबूत ठेवलेला माणूस. त्यांना प्रोसेसर म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्यांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणला, टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेअरिंग ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पात्यालाही काही लागत नाहीये. झाकण काढ."

झाकण काढलं. त्यांनी पंख्याच्या वायरी मोजल्या. "चार? पंख्याला चार वायरी कशाला?" मी पुस्तिकेत बघून सांगितलं: एक बारा व्होल्टची, एक अर्थिंगची, तिसरी पंखा किती फेरे फिरतोय ते मदरबोर्डला कळवते आणि चौथीतून किती फिरायचं याचा हुकूम येतो. बाबांचा चेहरा खुलला. "म्हणजे याला वेग सांभाळणारा गव्हर्नर आहे!"

मग त्यांनी मला स्लाइड बदलायला सांगितली. भर्रर्र. आकडा ४४ वरून ६६. त्याच क्षणी त्यांनी पंख्यापासून लांब, कूलरच्या कडेच्या पातीवर बोट टेकवलं. "हे तर गार आहे."

गारच होतं. आणि का, ते समजायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. स्लाइड बदलणं, स्टार्टचं बटन दाबणं अशा फुटकळ कामाला प्रोसेसर एखादा कोअर क्षणभर पूर्ण बूस्टवर नेतो, त्यासाठी व्होल्टेज वाढवतो. ही सगळी धग सिलिकॉनच्या एवढ्याशा ठिपक्यात निघते. सहा कोअर धरूनसुद्धा माझ्या प्रोसेसरमधला तो तुकडा एक चौरस सेंटिमीटर भरत नाही. म्हणून तिथला सेन्सर सेकंदाच्या आत वीस अंशांची उडी दाखवतो आणि काम संपलं की तितक्याच वेगाने खाली येतो. पण वरच्या धातूच्या ठोकळ्याला तापायला वेळ लागतो. आणि पंखा हवा घालतो ती ठोकळ्याला. आकडा बघून पंखा धावत सुटतो तेव्हा ठोकळ्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं. तो गार धातूला वारा घालून परत येतो.

बाबांनी हे माझ्या आधी आणि कमी शब्दांत सांगितलं. "हंटिंग करतोय. आमच्या जनरेटरचा गव्हर्नर फार हळवा लागला की असंच व्हायचं. जरा लोड आला की रेस. गेला की खाली. पुन्हा रेस. इंजिनाला काही झालेलं नसायचं. पंखा घाबरट आहे, त्याला थांबायला शिकव."

थांबायला शिकवायची जागा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये निघाली. कॉम्प्युटर चालू होताना डिलीटचं बटन दाबत राहायचं, की एक काळानिळा पडदा येतो, आणि त्यात पंख्याचा आलेख असतो: आडवं तापमान, उभा वेग. कारखान्यातून आलेला आमचा आलेख ४० अंशांपासूनच चढायला लागत होता. म्हणजे काम असो नसो, प्रत्येक उडी त्या चढावरच. मी ६५ पर्यंतची रेघ सरळ आडवी केली, तिथून पुढे चढ दिला, ८५ ला पूर्ण वेग. आणि खाली एक साधंसं सेटिंग होतं: तापमान वाढल्यावर किती वेळ थांबून वेग वाढवायचा. ते शून्यावर होतं. बाबा खुर्चीमागे उभे होते. "वाढव," ते म्हणाले. मी काही सेकंद वाढवले.

भर्रर्र गेलं. आता एक मंद घरघर आहे, ती सदाचीच आहे आणि कॉलच्या सॉफ्टवेअरला ती सहज पुसता येते. थोडे फेरे कमी झाले तर एवढा फरक कसा, असं नवऱ्याने विचारलं. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, आणि दर १० डेसिबलला आपल्या कानाला तो दुप्पट वाटतो. म्हणजे शेवटची थोडी हवा आपण आवाजाच्या फार महागड्या दराने विकत घेतो. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "पण ६६ तर अजून दाखवतंय?"

दाखवतंय. स्लाइड बदलली की आजही ४४ चे ६६ होतात आणि परत ४४. प्रोसेसरच्या वागण्यात काडीचा फरक पडलेला नाही. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ३८६ ला डोक्यावर पंखा लागायचा नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते अजिबात दिलासादायक वाटलं नाही. लाल आकडा काढून टाकू या असं मी सुचवलं. प्रोसेसरला तापमान दर सेकंदाला विचारत राहणं हेही त्याला एक कामच, त्यामुळे प्रोसेसर थोडा जागा राहतो, असा मुद्दाही मी मांडला. शेवटी आकडा काळा करायचा, यावर तडजोड झाली.

मे महिन्यात खोलीच ३४ वर जाईल तेव्हा ती आडवी रेघ थोडी पुढे सरकवावी लागेल. ते मी बघून घेईन. बाबा मिळतील असं वाटत नाही. सोसायटीत बातमी पसरली आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना मुलाचा गेमिंगचा कॉम्प्युटर बघायला बोलावलं. त्याला पाणी फिरवणारा कूलर आहे, नळ्यांतून, रंगीत दिव्यांसकट. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज नाही काही. पंप नीट चालतोय."

"मग?"

"तीन वर्षं झाली म्हणतो आणि एकदाही गळलं नाही म्हणतो," बाबा आमटीचा भुरका मारत म्हणाले. "आमचा कूलंट दर आठवड्याला गळायचा. हे काही मला पटलेलं नाही. उद्या टॉर्च घेऊन जातो."