‘इचार’ म्हटल्यानं विचार अडत नाही

मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेंदूत प्रत्येक स्वराचा एक पक्का ठसा असतो, आणि कानावर आलेला आवाज त्या ठशाशी जुळला की शब्द कळतो. आपल्याकडची पोरं ‘विचार’ला ‘इचार’, ‘एक’ला ‘येक’, ‘डॉक्टर’ला ‘डाक्टर’ म्हणतात, त्यामुळे त्यांचे ठसे बिघडतात. मग आकलन मंदावतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि वयाच्या सात वर्षांनंतर हे सुधारत नाही. उपाय काय, तर घरात गावाकडची बोली बंद करा. खाली मेंदूचं रंगीत चित्र.

सगळा इमला ठशावर उभा आहे, तेव्हा आधी तोच पाहू. स्वर म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमणारा आवाज. जबडा खाली आला, जीभ पुढं सरकली की पोकळीचा आकार बदलतो आणि त्याप्रमाणे ठरावीक कंपनं जोरात घुमतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. ‘ई’ आणि ‘आ’ वेगळे ऐकू येतात ते यांच्यामुळे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरल्ड बार्नी यांनी पुरुष, बायका आणि मुलं मिळून ७६ जणांकडून इंग्रजीचे १० स्वर म्हणवून घेतले आणि मोजले. ‘ई’चा दुसरा फॉर्मंट पुरुषांत सरासरी २२९० हर्ट्झ भरला, मुलांत ३२००. मापं इतकी पसरलेली, की एकाचा एक स्वर दुसऱ्याच्या भलत्याच स्वराच्या मापात जाऊन बसत होता. तरी ऐकणाऱ्यांनी बहुतेक शब्द बरोबर ओळखले. ठसा एकच असता तर आजोबांचं बोलणं समजणाऱ्या नातवाला धाकट्या बहिणीचं बोलणं समजलंच नसतं.

मग समजतं कसं? १९५७ मध्ये पीटर लॅडफोगेड आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी यंत्रानं तयार केलेला एक इंग्रजी शब्द एका वाक्याच्या पाठोपाठ ऐकवला. शब्द तोच ठेवला, आधीच्या वाक्यातले फॉर्मंट तेवढे वरखाली केले. तेवढ्यानं लोकांना तोच शब्द कधी ‘बिट’, तर कधी ‘बेट’ ऐकू आला. म्हणजे आपण आधी बोलणाऱ्याचा आवाज जोखतो आणि त्या हिशेबानं त्याचे स्वर लावतो. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस “कुठं चाललात?” म्हणेपर्यंत हे काम सुरूही झालेलं असतं.

साठवणीबद्दल मात्र जाणकारांत खरा वाद आहे, आणि तो या फिरत्या मजकुरापेक्षा कितीतरी रंजक आहे. अदिती लाहिरी आणि विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी १९९१ मध्ये बंगाली आणि इंग्रजी श्रोत्यांना शब्दांचे अर्धवट तुकडे ऐकवले. बंगालीत अनुनासिक स्वरानं अर्थ बदलतो, इंग्रजीत बदलत नाही. पुढं ‘न’सारखं व्यंजन येणार असलं की आधीचा साधा स्वरही नाकात जातो. असा तुकडा ऐकून बंगाली श्रोत्यांनी बहुतेकदा अनुनासिक स्वराचाच शब्द सांगितला. इंग्रजी श्रोत्यांच्या मनात असा वेगळा स्वर नव्हताच. यावरून लाहिरींचं म्हणणं असं, की मन आवाजाची नक्कल ठेवत नाही. त्या भाषेत अर्थ बदलायला जेवढे गुण लागतात तेवढेच ठेवतं आणि बाकी जागा मोकळी सोडतं. दुसरा पक्ष म्हणतो, ऐकलेल्या असंख्य उच्चारांच्या आठवणी, बोलणाऱ्याच्या आवाजासकट, मनात राहतात. दोघांचं भांडण मिटलेलं नाही. पण ‘एका स्वराला एक ठसा’ हे दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

रंगीत चित्राबद्दल दोन शब्द. २०१४ मध्ये निमा मेसगरानी, एडवर्ड चँग आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून थेट नोंदी घेतल्या. तिथल्या जागा सुट्या अक्षरांना वाटून दिलेल्या नव्हत्या. उच्चाराच्या सारख्या ठेवणीच्या ध्वनिगटांना मिळून त्या प्रतिसाद देत होत्या. चित्रातले ‘अ’, ‘आ’, ‘इ’चे चौकोन चित्रकाराचे आहेत.

बरं, स्वर थोडा हलला की आकलन अडतं का? ब्रिट फान ओयेन यांनी १९९६ मध्ये इंग्रजी श्रोत्यांना ‘केब्रा’सारखे निरर्थक शब्द दिले आणि एकच ध्वनी बदलून खरा शब्द करायला सांगितलं. ‘झेब्रा’ही होतो, ‘कोब्रा’ही होतो. लोकांचा कल ‘कोब्रा’कडे होता, म्हणजे व्यंजनं तशीच ठेवून स्वर बदलण्याकडे. पुढं स्पॅनिश आणि डच श्रोत्यांतही हेच दिसलं. शब्द शोधताना मन स्वराच्या बाबतीत मुळातच सैल असतं. “डाक्टरकडं जाऊन ये” हे वाक्य लातुरात काय आणि पुण्यात काय, कुणाला कोडं पडत नाही.

आता ऱ्हस्व-दीर्घ. इथं मजकूर लिहिणाऱ्यानं मराठीच नीट ऐकलेली नाही. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबी’ ऱ्हस्व. अर्थ तोच राहिला, फक्त जागा बदलली. मराठीत ‘इ’ आणि ‘उ’ यांची लांबी शब्दातल्या स्थानावरून ठरते, तिच्यानं अर्थ फिरत नाही. मग मनानं ती शब्दागणिक जपून का ठेवावी? उलट ‘गुण’ आणि ‘विष’ घ्या. लिहिताना ऱ्हस्व, कारण संस्कृतात तसे आहेत; बोलताना सदाशिव पेठेतला माणूसही ‘गूण’, ‘वीष’ असंच म्हणतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत तत्सम शब्दांचा हा अपवाद वेगळा शिकवावा लागतो, तो कानाला ऐकू येत नाही म्हणूनच. मोडीत तर हा भेद पाळतच नसत: वेलांटी बहुधा दुसरी, उकार बहुधा पहिला. त्यावर पिढ्यानपिढ्या मराठी दप्तरं चालली. आणि ‘जसं बोलतो तसं लिहितो’ म्हणणारे सगळे ‘केलं’ बोलतात आणि ‘केले’ लिहितात, त्यांच्या मेंदूची काळजी कुणी करत नाही. परभणीच्या पोरानं ‘फुल’ लिहिलं तर त्याचा एक नियम शिकायचा राहिलाय. त्याचे कान शाबूत आहेत.

सात वर्षांच्या मुदतीत थोडं तथ्य आहे, पण मजकूर सांगतो ते नव्हे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सहा महिन्यांचं बाळसुद्धा घरातल्या भाषेच्या स्वरांना सरावलेलं असतं. बार्सिलोनात स्पॅनिश घरात वाढलेल्या आणि पुढं सफाईनं कॅटलान बोलणाऱ्या लोकांनाही कॅटलानमधले दोन ‘ए’ वेगळे काढणं जड जातं, हे १९९७ मध्ये दिसलं. मात्र हा प्रश्न परभाषेतल्या नव्या भेदाचा आहे. आपल्याच भाषेची दुसरी ढब समजायला मोठेपणीही फार वेळ लागत नाही. २००८ च्या एका प्रयोगात स्वर सरकवलेली इंग्रजी कथा सुमारे २० मिनिटं ऐकल्यावर मोठी माणसं त्या ढबीतले शब्द खरे शब्द म्हणून स्वीकारू लागली.

राहिला उपाय, घरातली बोली बंद करण्याचा. उदगीर, देगलूर, निलंगा या पट्ट्यातलं पोर घरी “काय करूलालाव?” ऐकतं, शाळेत “काय करत आहात?” वाचतं, बाजारात दखनी बोलतं, आणि कानडी-तेलुगूही त्याच्या कानावर असतात. दखनीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे धर्म. तिथं लांबी चुकली तर अर्थ चुकतो, आणि बाजारातलं पोर ती चुकवत नाही. हीच जोडी मराठीच्या तासाला ‘दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब’ अशी फळ्यावर येते, तेव्हा ते वेलांटी चुकवतं, कारण मराठीत तो फरक त्यानं कुणाच्याच तोंडून ऐकलेला नसतो, बाईंच्यासुद्धा.