निवड म्हणजे सटवाईचा लेख नव्हे

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटी प्रत्येक जण आपली विनंती सांगतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची कोर्टातली तारीख. शेजारच्या मावशी अकरा वर्षं एकच नाव घेत आल्यात, थोरल्या मुलाचं. तो उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, पगार दारूत जातो, देवळाची पायरी त्यानं कित्येक वर्षांत चढलेली नाही. गेल्या महिन्यात पाळी आली तेव्हा मावशींनी नुसती मान हलवली आणि पुढच्या बाईकडं बघितलं. निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, "नाव यादीतच नसेल तर मी अकरा वर्षं काय मागत होते ओ?"

कसली यादी, ते त्यांचा मोबाइल बघितल्यावर कळलं. नातीनं त्यांना व्हॉट्सॲपवरचा एक संदेश वाचून दाखवला होता. बेळगाव, खानापूर, निपाणी, पार मिरजेपर्यंतच्या ख्रिस्ती ग्रुपांवर तो फिरतोय, कन्नडमध्येही आलाय. त्याचं म्हणणं असं. एक, याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मायच्या आधीच देवानं कोण स्वर्गात, कोण नरकात हे ठरवलं. रोमकरांस पत्राचा 9वा अध्याय वाचा. दोन, ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला. तीन, माणूस पापात मेलेला आहे, मेलेल्याला इच्छा नसते; 'मी विश्वास ठेवला' म्हणणारा कर्मानं तारण मागतो, म्हणून मेथडिस्ट आणि कॅथलिक खरे ख्रिस्तीच नाहीत. चार, पहिल्यापासून सगळी मंडळी हेच मानत आली, विरोध डच धर्मपंडित आर्मिनियसनं काढला. पाच, ज्याच्या आयुष्यात फळ दिसत नाही तो निवडलेला नाही. त्याच्यासाठी रडणं, प्रार्थना करणं म्हणजे देवाच्या निर्णयाविरुद्ध जाणं.

माझं माहेर मिरजेचं, प्रेस्बिटेरियन, म्हणजे तारणासाठी देव माणसं आधीच निवडतो असं मानणारं, कॅल्विन या धर्मसुधारकाच्या परंपरेतलं. सासर बेळगावचं, मेथडिस्ट, म्हणजे देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे असं मानणारं. म्हणजे या वादाच्या दोन्ही घरांत मी जेवलेय. वडिलांना वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली तोंडपाठ होती आणि निवडीवर त्यांचा पक्का विश्वास होता. पण त्यांच्या तोंडी ती नेहमी आधाराची गोष्ट असायची: मी देवाला धरलंय त्यापेक्षा त्यानं मला घट्ट धरलंय. दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी यादीबाहेर काढलं नाही. म्हणून हा संदेश वाचून मला मेथडिस्ट म्हणून जितका राग आला, तितकाच प्रेस्बिटेरियन बापाची लेक म्हणूनही आला.

आधी रोम 9 घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 'याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला' हे वचन पत्र लिहिणाऱ्या पौलानं मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतलंय. मलाखी लिहितो तेव्हा ते दोघे भाऊ मरून शतकं लोटलेली आहेत, तो बोलतोय इस्राएल आणि अदोम या राष्ट्रांबद्दल. उत्पत्तीच्या 25व्या अध्यायात त्यांच्या आईला, रिबकेला, मिळालेलं उत्तरही तेच आहे: तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत, थोरला धाकट्याची सेवा करील. तिथं स्वर्ग-नरकाची भाषाच नाही. देवाचं वचन कोणत्या घराण्यातून पुढं जाईल, ही ती निवड आहे. आणि एसावाचं पुढं काय झालं? उत्पत्तीचा 33वा अध्याय काढा. फसवून गेलेला भाऊ परत येताना दिसल्यावर एसाव धावत जातो, त्याच्या गळ्यात पडतो, दोघं रडतात. हा माणूस जन्माआधीच नरकाला वाहिलेला होता, असं त्या पानावरून मला तरी म्हणवत नाही.

त्याच अध्यायात आलेल्या मिसरच्या राजाचं, फारोचंही तसंच. देव त्याचं मन कठीण करील हे निर्गमात आधीच सांगितलंय, ते नाकारत नाही. पण पीडा सुरू झाल्यावर क्रम बघा. बेडकांच्या पीडेनंतर फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो, गोमाश्यांनंतर पुन्हा तेच. परमेश्वरानं त्याचं मन कठीण केलं असं घडलेल्या गोष्टीबद्दल थेट म्हटलंय ते सहाव्या पीडेच्या वेळी, निर्गम 9:12 मध्ये. ज्या वाटेनं तो स्वतः निघाला होता त्याच वाटेवर देवानं त्याला पक्कं केलं.

आणि रोम 9 मधलाच कुंभार. संदेशात मोठ्या अक्षरात आहे: कुंभाराला माती विचारते का? खानापूरला माझी नणंद असते. तिथली माती कुंभारकामाला नावाजलेली, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. एकदा नणंदेबरोबर मी एका कुंभाराच्या अंगणात अर्धा तास बसले होते. चाकावर मडकं वर चढत होतं आणि गळ्याशी आलं तेव्हा एका बाजूला कललं. त्यानं ते फेकलं नाही. दोन्ही तळव्यांनी दाबून त्याचा गोळा केला, पाण्याचा हात फिरवला आणि त्याच मातीचं पसरट भांडं काढलं. मला तिथंच यिर्मयाचा 18वा अध्याय आठवला. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो, त्याला हेच दिसतं, आणि देव म्हणतो: ज्या राष्ट्राला मी नाशाचा शब्द दिला ते वाईटापासून वळलं, तर मीही माझा बेत फिरवीन. पौल यहुदी शास्त्र शिकवणाऱ्या परूश्यांच्या हाताखाली शिकलेला. कुंभार आणि माती म्हटल्यावर त्याच्या डोक्यात यिर्मया नसेल, हे मला पटत नाही. त्या कुंभाराचा मातीवर पूर्ण हक्क आहे, आणि त्या हक्कानं तो बिघडलेलं पुन्हा घडवतो.

आणखी एक बारकावा. रोम 9:22 आणि 23 शेजारी शेजारी ठेवून वाचा. दयेची पात्रं देवानं आधीच तयार केली, असं सरळ लिहिलंय. क्रोधाची पात्रं मात्र नाशाला 'तयार झालेली' आहेत; ती कुणी तयार केली हे पौल सांगत नाही, उलट देवानं त्यांचं पुष्कळ सहन केलं असं म्हणतो. आणि हा विचार 9व्या अध्यायात संपतच नाही. तो 11:32 ला जाऊन थांबतो, सर्वांवर दया करावी म्हणून. अर्ध्यात पुस्तक मिटून निकाल सांगायचा ही कुठली रीत?

ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला, हा दुसरा मुद्दा. याला शास्त्राचा आधार अजिबातच नाही असं मी म्हणणार नाही. मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो हे योहानाच्या 10व्या अध्यायात आहे, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं 'सर्व' हे 'सर्व प्रकारचे' असं वाचता येतं, कारण तिथं राजांचा आणि अधिकाऱ्यांचा विषय चालू आहे. पण योहानाच्या पहिल्या पत्रातल्या 2:2 चं काय करणार? आमच्याच पापांसाठी नव्हे तर सगळ्या जगाच्या, असं तिथं मुद्दाम जोडून लिहिलंय. आणि ज्या डॉर्टच्या सभेचं नाव संदेशात मोठ्या मानानं घेतलंय, तिचे ठराव तरी पाठवणाऱ्यानं वाचायचे होते. नेदरलँड्समध्ये 1618-19 साली भरलेली ही सभा आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्धच होती. तिच्या ठरावांच्या दुसऱ्या भागात म्हटलंय की ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं मोलाचं आहे, आणि सुवार्ता भेदभाव न करता सर्वांना सांगितली पाहिजे. मिशनरी विल्यम कॅरी निवड मानणाऱ्या बाप्टिस्टांपैकी. त्याच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार बाहेर पडला. यादी ठरलेली आहे म्हणून तो घरी बसला असता, तर हा संदेश पाठवणाऱ्याच्या हातात वचन कुठून आलं असतं?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात माणसांना मंडळीबाहेर काढलंय. माणूस आपल्या बळावर देवाकडं वळतो असं मेथडिस्ट शिकवतात, असा हा आरोप. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीनं 1784 साली अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी जी कलमं दिली त्यातलं आठवं कलम स्वतंत्र इच्छेवर आहे, आणि ते उलटंच सांगतं: आदामाच्या पतनानंतर माणूस स्वतःच्या ताकदीनं विश्वासाकडं वळूच शकत नाही, देवाची कृपा आधी यावी लागते. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या सभेनं 1547 मध्ये नीतिमत्त्वावरचा, म्हणजे माणूस देवापुढं नीतिमान कसा ठरतो यावरचा, पहिलाच निषेध लिहिला तो कृपेवाचून, स्वतःच्या कर्मानं माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्यांचा. माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो हे पेलागियसचं मत तर 418 सालीच कार्थेजच्या सभेनं फेटाळलंय. तेव्हा पेलागियसचे चेले शोधायचे तर ते दुसरीकडं शोधावेत.

खरा फरक बारीक आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कॅल्विनची परंपरा म्हणते, ही कृपा निवडलेल्यांनाच मिळते आणि ती कुणाला नाकारता येत नाही. वेस्ली म्हणतो, ती सगळ्यांपर्यंत येते आणि तिला नाही म्हणता येतं. आपल्याच कर्नाटकात, उडुपीच्या मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग सांगितले आणि त्यातल्या दोन वर्गांना मुक्ती कधीच नाही असं मानलं. रामानुजांच्या परंपरेत तर मांजरीचं पिल्लू की माकडिणीचं पिल्लू यावर दोन शाखा झाल्या: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः बिलगतं. इतका जुना आणि इतका अवघड प्रश्न चार ओळींच्या फॉरवर्डमध्ये निकालात निघत नाही.

मेलेल्याला इच्छा नसते, या दाखल्याबद्दल एवढंच सांगते. लूकच्या 15व्या अध्यायात बाप म्हणतो, हा माझा मुलगा मेला होता. तो 'मेलेला' मुलगा डुकरांमधून उठला आणि पायांनी चालत घरी आला. त्याला बापाच्या घरची भाकर आठवली हीसुद्धा कृपाच, पण उठला तो. आणि विश्वास ठेवणं म्हणजे कर्म कसं? ताटात वाढलेली भाकरी मी उचलून खाल्ली, म्हणून ज्वारी मी पेरली असं होत नाही.

'खरे ख्रिस्ती नाहीत' म्हणताना आपल्याच गावाचा इतिहास तरी आठवायचा. बेळगावात 1820 साली लंडन मिशन आलं, त्यातले बरेच जण कॅल्विनच्या वळणाचे होते. 1904 मध्ये ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. माणसं तीच, गीतं तीच. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीचं तारण त्या वर्षी कागदपत्रांबरोबर हस्तांतरित झालं की काय? ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी 1999 मध्ये नीतिमत्त्वाबद्दलच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाला. तारण कृपेनं, हे चौघांनी मिळून म्हटलंय.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. आर्मिनियस 1609 साली वारला, हा विरोध त्याच्या कितीतरी आधीचा. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि आयरेनियस दोघंही नशिबाच्या कल्पनेविरुद्ध माणसाच्या निवडीच्या बाजूनं लिहितात. पुढं बिशप ऑगस्टिननं निवडीवर जोर दिला, ल्यूथरनं 1525 मध्ये इच्छेच्या गुलामगिरीवर पुस्तकच लिहिलं, तेव्हा ती बाजूही मोठ्या माणसांची आहे. पण ऑगस्टिनच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या 529 सालच्या ऑरेंजच्या सभेनंच, देव कुणाला वाईटासाठी नेमतो या मताचा कडक शब्दांत निषेध केला.

राहिला पाचवा, मावशींना गप्प करणारा. इथं संदेश ख्रिस्ती शिकवणच सोडून देतो. आपल्याकडं मूल जन्मल्यावर सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, आणि ते पुसता येत नाही. निवडीला याच लेखाचं रूप दिलंय, फक्त सटवाईच्या जागी देवाचं नाव घातलंय. वेस्टमिन्स्टरचा 1646 चा विश्वासांगीकार निवड मानतो, पण त्याच अध्यायाच्या शेवटी बजावतो की हे गूढ फार सांभाळून, जपून हाताळावं. डॉर्टचं पहिल्या भागातलं सोळावं कलम तर ज्यांना अजून स्वतःबद्दल खात्री वाटत नाही त्यांना सांगतं, घाबरू नका, स्वतःला टाकलेल्यांत धरू नका, प्रार्थना आणि वचन सोडू नका. अमक्याचं नाव यादीत नाही हे जिवंत माणसाबद्दल सांगायचा अधिकार कॅल्विनच्या कुठल्याही मंडळीनं कुणालाही दिलेला नाही.

वेस्ली आणि प्रवचनकार व्हाइटफिल्ड या जिवलग मित्रांचं 1739 पासून याच प्रश्नावर वाजलं, जाहीर भांडण झालं. व्हाइटफिल्ड शेवटपर्यंत निवडीचाच माणूस राहिला. 1770 मध्ये तो अमेरिकेत वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीनं.

गेल्या शनिवारी मी मावशींकडं गेले. हे सगळं काही सांगितलं नाही. त्यांचं मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र टीव्हीशेजारी असतं, ते घेतलं आणि रोम 9 च काढला, जो संदेशात होता तोच. अगदी पहिल्या ओळींपासून वाचला. पौल म्हणतो, मला मोठं दुःख आहे, माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहेत. माझ्या भावांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. मग पान उलटून 10:1 वाचलं: त्यांचं तारण व्हावं ही माझ्या मनाची इच्छा आणि देवाजवळ माझी विनंती आहे. निवडीचा अध्याय रडून सुरू होतो आणि त्याच्यापुढचा विनंतीनं.

मावशी म्हणाल्या, "पौलानं पण नाव घेतलं म्हणा की." मी म्हटलं, "होय मावशी." त्यांनी ती ओळ कुठं आहे विचारलं, चष्मा नव्हता म्हणून मी त्यांचं बोट धरून तिच्यावर ठेवलं, आणि त्यांनी पानाचा कोपरा दुमडला.