‘डिफेंडर नावालाच आहे’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. त्याआधी तोच मला माहेरच्या ग्रुपवरही आला होता. मजकूर थोडक्यात असा: विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस नावालाच आहे, विकतचा अँटिव्हायरस हवाच, जमलं तर दोन टाका, दुप्पट संरक्षण मिळेल, ‘टोटल सिक्युरिटी’ नावाचा विकतचा अँटिव्हायरस घेतला की बँकेचे व्यवहार बिनधास्त करा, आणि विंडोजचे अपडेट बंद ठेवा, त्यांनी मशीन स्लो होतं. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर मी बरीच वर्षं बघते आहे. हा सल्ला मानून नुकसान झालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

डिफेंडरबद्दलचं मत एकेकाळी बरोबर होतं. विंडोज ७ पर्यंत ते फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम, पकडायचं, व्हायरससाठी वेगळी सोय करावीच लागायची. नव्वदच्या दशकात फ्लॉपीतून व्हायरस यायचे, त्या काळात काटकर बंधूंनी पुण्यात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला, तो खऱ्या गरजेपोटीच. पण २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था विकतच्या अँटिव्हायरसबरोबर त्याचीही नियमित चाचणी घेतात, आणि त्यात ते त्यांच्या बरोबरीने उभं राहतं. मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायची सोय हवी आहे, अडलं तर फोनवर विचारायला कुणीतरी हवं आहे, तर जरूर पैसे मोजा. पण पैसे भरले नाहीत म्हणून घर उघडं पडलंय, असं नाही.

‘फुकटचं ते फुकटच’ असंही त्या मेसेजमध्ये होतं. यात थोडं तथ्य आहे, पण ते डिफेंडरला लागू नाही. फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकली, आणि त्यासाठी २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तेव्हा कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाकण्याआधी ती कंपनी कमावते कशावर, एवढं बघाच.

दोन अँटिव्हायरसचं म्हणाल तर, दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबवून तपासतात. एकाच दारावर दोन रखवालदार एकमेकांचीच झडती घेत बसावेत तसं होतं. मशीन रखडतं, कधी हँग होतं. म्हणूनच दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतं. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपल्यावर तसाच पडलेला मला कितीतरी घरांत दिसतो. तो काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा, आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर परत चालू झालंय ना ते बघा.

आता बँकेचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. शेजारच्या काकांच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली दर पाच मिनिटांनी चौकट यायची: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा.’ घाबरून त्यांनी वर्षभराची टोटल सिक्युरिटी घेतली. चौकट येतच राहिली. मी नीट पाहिलं तर चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि एका वेबसाइटचा पत्ता होता. मालिका बघायच्या कुठल्याशा साइटवर काकांनी कधीतरी ‘अलाऊ’ दाबलं होतं. व्हायरस नव्हताच, ती त्या साइटची नोटिफिकेशन होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन तिची परवानगी काढली, दोन मिनिटांत प्रकरण मिटलं. पण काकांनी त्या चौकटीवर क्लिक केलं असतं, पुढे दिलेल्या नंबरवर फोन केला असता, तर समोरच्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला सांगितलं असतं. एनीडेस्क हे सरळमार्गी सॉफ्टवेअर आहे, ऑफिसांत रोज वापरतात. तुम्ही स्वतः ते टाकलंत, स्वतः त्यातला नंबर वाचून दाखवलात आणि स्वतः ओटीपी सांगितलात, तर अँटिव्हायरसने नेमकं कशाला अडवायचं? ‘बिनधास्त’ हा शब्द इथे माणसाची सावधगिरीच काढून घेतो. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

अपडेट बंद ठेवण्याचा सल्ला तर निव्वळ घातक आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्राम, जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. तो विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, जवळजवळ दोन महिने आधी दिला होता. एका मशीनमधून दुसऱ्यात जायला त्याला कुणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या घरी अजून तेच असेल, तर अँटिव्हायरसच्या पैशांआधी विंडोज ११ चढतंय का ते बघा, निदान वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी तरी करा.

अँटिव्हायरससाठी बाजूला ठेवलेले पैसे उरले असतील, तर एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा, आणि कॉपी झाली की वायर काढून डिस्क कपाटात ठेवा. ती लावलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर कॉम्प्युटरबरोबर तिलाही कुलूप घालतं.