मुळं धुऊन औषधी रोप जगत नाही

पावसाळा आला की साताऱ्याकडच्या शेतीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: 'औषधी वनस्पती संपत चालल्यात, वाचवा! डोंगरातून रोपं आणा, मुळं स्वच्छ धुवा, बुरशीनाशकात बुडवून परसात लावा. चांगली बुरशी हवी तर गुळाच्या पाण्यात घरीच वाढवा.' पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. सल्ला मात्र रोपाच्या जिवावर उठणारा आहे.

मुळावरची बुरशी म्हणजे रोगच, हे पहिलं गृहीतक. आल्या-हळदीची कंदकूज सोसलेल्याला तसं वाटणारच. पण बहुतेक झाडांच्या मुळांत मायकोरायझा नावाची बुरशी नांदत असते. केशमुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद (फॉस्फरस) तिचे तंतू आणून देतात, बदल्यात झाड तिला साखर देतं. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मूळ कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की एकेका पेशीत इवलंसं निळं झुडूप फांद्या पसरून बसलेलं दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नजर हटेना. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाला हे झुडूप आणि रोग यांतला फरक कळत नाही.

'डोंगरातून आणा, मुळं धुवा' हे तर त्याहून वाईट. कंदासाठी खणून खणून विरळ झालेला अमरकंद घ्या. तो ऑर्किडच्या कुळातला. त्याचं बी धुळीसारखं, फुंकर मारली की उडतं, आणि रुजण्यापुरताही अन्नसाठा त्यात नसतो. मातीतली योग्य बुरशी आत शिरून पोसेल तरच कोंब फुटतो. ऑर्किडचं हे गुपित नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये उलगडलं. कंद घरी नेला की त्या ओळखीच्या मातीत बी पडणंच थांबतं. शिवाय राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोप उपटणं हा गुन्हा आहे, तेही मेसेजमध्ये नाही.

गुळाच्या पाण्याचा समज ट्रायकोडर्मा या रोगाशी लढणाऱ्या बुरशीवरून आला असावा. ती तशी वाढते. मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं, म्हणून ती कुंडीत मक्याच्या किंवा गवताच्या मुळांवर वाढवतात आणि मुळांसकट ती माती वापरतात. सर्पगंधेसारखं रोप नर्सरीतून घेऊन लावताना ही माती थेट मुळाखाली घाला. अमरकंदाला ती चालत नाही, त्याची बुरशी वेगळी. आणि खड्ड्यात डीएपी या स्फुरदयुक्त खताची मूठ टाकू नका: स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडता घेतं.