वसिष्ठांचा सातबारा

साताऱ्यात ज्याच्या घरी दुर्बीण आहे, त्याला लग्नाचं आमंत्रण चुकत नाही. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ असतंच, वर फोन येतो, ‘येताना ते नळकांडं पण आणा.’ नवरानवरीला खरीखुरी अरुंधती दाखवायची असते. एरवी हा विधी गुरुजी अर्ध्या मिनिटात उरकतात. मुहूर्त दुपारचा, डोक्यावर कार्यालयाचा स्लॅब. ‘अरुंधती पहा’ म्हटलं की दोघं पंख्याला नमस्कार करतात आणि संसाराला लागतात. माझं मत विचाराल तर पंखाच बरा.

पण गोरज मुहूर्त असला की सुटका नाही. मेच्या मध्याला सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि आठला सप्तर्षी छान वर आलेले असतात. गावात असाल तर अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, की तोंड आपोआप उत्तरेला. उत्तरेच्या जरा उजवीकडे, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण निम्म्यावर बघायचं. थांबायची तयारी असेल तर साडेदहाच्या आसपास अरुंधती बरोबर उत्तरेला, ५३ अंशांवर येते. तोवर मांडववाले खुर्च्या रचायला लागलेले असतात.

दाखवण्याची रीत जुनीच. आधी ठळक वस्तू दाखवायची, तिच्या आधाराने बारीक. जुनी माणसं ज्याला बाजलं म्हणतात तो चार ताऱ्यांचा चौकोन आधी, मग त्यामागचे तीन चोर. त्यातला मधला चोर म्हणजे वसिष्ठ. (हे गुरुजींच्या देखत म्हणू नये.) वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा तारा, अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे पाच-सहा पट मंद. दोघांमधलं अंतर १२ कलांचं. पूर्ण चंद्राच्या रुंदीचा तिसरा हिस्सा धरा, वर थोडं. निरोगी डोळ्याला हे सहज जमावं.

जमत नाही. कारण गच्चीवर हॅलोजन असतो, आणि तो बंद केला तर व्हिडिओवाला रुसतो. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून ‘हिकडं या, हिकडं या’ करतं. एखादी काकू ‘दिसली दिसली’ म्हणून टाळ्या वाजवते, ती दिसलेली वस्तू पुण्याकडे निघून जाते. चष्मा लावला की वय दिसतं म्हणून वरमायनं तो पर्समध्ये ठेवलेला असतो. आणि हमखास एक आजोबा म्हणतात, “मला तर एकच दिसतीया.” मग सगळी गच्ची गप्प. ज्याला अरुंधती दिसेना त्याचे सहाच महिने उरले, अशी समजूत आहे ना! अशा वेळी घाईघाईनं सांगावं, “आजोबा, मोतीबिंदू काढून घ्या, लख्ख दिसेल.” हे वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे.

मग नळकांडं. ११४ मिलिमीटरचा आरसा, ९०० मिलिमीटरचं नाभीय अंतर, २५ मिलिमीटरची आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ३६ पट. यापेक्षा जास्त पट लावायच्या फंदात पडू नये, पाहुण्यांच्या धक्क्यातही छत्तीसपट वाढ होतेच. मोटार नसलेल्या स्टँडवर मध्यावर ठेवलेला तारा चार-पाच मिनिटांत काठाबाहेर जातो, तेव्हा दर दोन-तीन माणसांनंतर नळी सरकवायची. लहान नंबरवाल्याला चष्मा काढून फोकस करता येतो, पण मग पुढच्याला सगळं धुरकट दिसतं आणि तो म्हणतो, “ढग आल्यात.” आयपीसवर श्वास सोडू नका, असं सांगितलं की लोक ‘का?’ असं थेट आयपीसवरच विचारतात.

यातून जो बघतो तो दचकतो. अरुंधती लांब एका बाजूला, आणि वसिष्ठांच्या जागी दोन तारे, चिकटून उभे! त्यांच्यातलं अंतर जेमतेम १४ विकला, आणि एका कलेत विकला साठ. “ही दुसरी कोण?” हा प्रश्न नवरीकडच्या बाजूनं येतो, आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. इथून मला आकाश सोडून तलाठी कचेरीत जावं लागतं, कारण ताऱ्यांची नावं जमिनीच्या पोटहिश्श्यांसारखीच पडत गेली आहेत.

जर्मनीच्या बायरनं १६०३ मध्ये आकाशाचा नकाशा काढताना वसिष्ठाला ग्रीक अक्षर दिलं, झीटा. इंग्लंडच्या फ्लॅमस्टीडनं ताऱ्यांना दिलेल्या क्रमांकांत अरुंधती ८० नंबरवर. पाश्चात्त्यांची चालू नावं वसिष्ठाला मिझार आणि अरुंधतीला अल्कोर. मिझार हे अरबी नाव मुळात शेजारच्या चौकोनातल्या ताऱ्याचं, ते चुकून इकडे नोंदलं गेलं आणि तसंच राहिलं. फेरफार रद्द करायला कोण जाणार? १६१७ मध्ये कास्तेली नावाच्या शिष्यानं गॅलिलिओला पत्र घालून हा तारा बघायला सांगितलं. दुर्बिणीतून दोन निघाले, त्यांना ए आणि बी ही अक्षरं लागली. १८८९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत पिकरिंग आणि अँटोनिया मॉरी यांनी ए च्या वर्णपटातल्या, म्हणजे फाकवलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यातल्या, रेषा कधी दुहेरी, कधी एकेरी होताना पाहिल्या. म्हणजे ए सुद्धा दोन, साडेवीस दिवसांत एक फेरी मारणारे. १९०८ मध्ये बी सुद्धा दोन निघाला. झाले एए, एबी, बीए, बीबी. २००९ मध्ये अरुंधतीजवळही एक बारकुडा लाल तारा सापडला. एकूण सहा.

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं नावं पक्की केली, आणि नियम असा की नाव सगळ्या कुटुंबाला नाही, सर्वांत तेजस्वी घटकाला. म्हणजे कागदोपत्री मिझार फक्त एए. उरलेले तिघे आडनाव लावतात, सात-बाऱ्यावर मात्र नाहीत. गावात यावरून डोकी फुटली असती.

एवढ्यात चलाख पोरगं ओरडतं, “काका, मध्ये अजून एक हाय!” आहे. वसिष्ठ-अरुंधतीच्या मध्ये, जरा बाजूला, आठव्या प्रतीच्या आसपासचा मिणमिणता तारा. त्याचा या घराशी काडीचा संबंध नाही, तो खूप मागे आहे. पण १७२२ मध्ये जर्मनीतल्या गीसेनच्या लीबक्नेश्ट नावाच्या प्राध्यापकाला तो हलताना दिसल्याचा भास झाला. त्यानं ग्रह सापडला म्हणून जाहीर केलं आणि आपल्या राजाचं नाव देऊन टाकलं, ‘लुडविगचा तारा’. राजाचा वाढदिवस फ्लेक्सवर साजरा करणाऱ्या आपल्या लोकांना हा माणूस लगेच कळतो.

शेवटी व्हॉट्सअपवाले काका पुढे येतात. “हे दोघं एकमेकांभोवती फिरतात, ऋषींना ठाऊक होतं!” काका, दोघं गुरुत्वानं बांधलेले असावेत असं अलीकडच्या मोजमापांवरून दिसतं खरं, पण फेरी असलीच तर ती कमीत कमी काही लाख वर्षांची. डोळ्यांनी बघून ठरवायला एवढं आयुष्य ऋषींनाही नव्हतं. त्यापेक्षा गंमत बघा, सातांपैकी मधले पाच ऋषी खरंच एका गावचे, एकाच दिशेनं चाललेले. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र उपरे, नुसते रांगेत उभे. हे ऐकून काका फोन खिशात घालतात. माझी तेवढीच कमाई.

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त घेणाऱ्यांना एकच विनंती. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री एक-दीडपर्यंत अरुंधती उगवतच नाही; संध्याकाळी ती कुणीही दाखवली तर ती दुसरीच कुणीतरी आहे. तेव्हा त्याच विधीतला ध्रुव दाखवा. उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा जरा खाली. समोर पाण्याची टाकी असेल तर जागा बदला. आणि ध्रुवाबरोबरही आणखी दोन तारे आहेत हे तेवढं बोलू नका, पंगत बसलेली असते आणि जिलेबी गार होते.