चार्जिंग गन अडकली तर ओढू नका, त्या व्हायरल मेसेजमधल्या एकेका मुद्द्याबद्दल

गेले काही दिवस फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. वर "ईव्हीवाल्यांनो जपून ठेवा" आणि खाली सहा उपाय. थोडक्यात सांगतो. चार्जिंग गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, गाडीच्या पोर्टमधून (सॉकेटमधून) निघत नसेल तर, एक, मेन स्विच बंद करा, लाइट गेली की लॉक आपोआप उघडतं. दोन, तरी नाही निघाली तर दोघांनी धरून डावी-उजवी हलवत जोरात ओढा. तीन, पोर्टमध्ये गंज सोडवायचा स्प्रे किंवा खोबरेल तेल मारा. चार, हायवेवरच्या फास्ट चार्जरवर लाल बटण दाबा, गन लगेच सुटते. पाच, डिकीत एक गुप्त दोरी असते, ती ओढली की चार्जिंग चालू असताना पण गन बाहेर येते. सहा, हे लॉक म्हणजे कंपन्यांनी सर्व्हिसचे पैसे काढायला केलेली सोय आहे, ओळखीच्या वायरमनकडून काढूनच टाका.

पहिल्यांदा आला तेव्हा मी नुसता वाचला आणि सोडून दिला, आणि ते सोडून दिलं याचं मला वाईट वाटतं, कारण साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने त्यातला दुसरा उपाय खरोखर केला. रात्री दहा वाजता, तो आणि सोसायटीचा वॉचमन, दोघांनी मिळून. गनचं पुढचं प्लास्टिक तडकलं आणि गाडीच्या पोर्टमधली लॉकची पिन वाकली, मग पोर्ट बदलावा लागला आणि गाडी आठ दिवस उभी. म्हणून आता एकेक मुद्दा घेतो.

आधी लॉक असतं कुठे ते समजून घ्या, म्हणजे अर्धा मेसेज तिथेच गळून पडतो. आपल्याकडच्या बहुतेक नव्या इलेक्ट्रिक कारना घरच्या चार्जिंगला टाइप टू आणि फास्ट चार्जिंगला सीसीएस टू या प्रकारचाच पोर्ट असतो. या गनला स्वतःचं लॉक नसतं. लॉक गाडीत असतं, पोर्टच्या आत एक छोटी मोटर असते, ती एक पिन पुढे सरकवते आणि ती पिन गनच्या प्लास्टिकमधल्या खोबणीत जाऊन बसते. दाराच्या कडीसारखंच, फक्त कडी गाडी लावते आणि गाडीच काढते. गाडी ती कधी काढते? चार्जिंग थांबलं, करंट बंद झाला याची खात्री झाली आणि मालकाने गाडी अनलॉक केली, की मगच. काही गाड्यांत सेटिंग असतं, चार्जिंग चालू असेपर्यंतच लॉक ठेवायचं की नेहमी ठेवायचं, ते एकदा बघून घ्या, कारण अर्ध्या लोकांची गन "अडकलेली" नसतेच, गाडी नुसती लॉक असते आणि चावी वर घरात असते.

आता मुद्दा एक, मेन स्विच. लॉकची मोटर घरच्या लाइटवर चालत नाही. ती गाडीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, जी हॉर्न आणि काचांना लागते तीच. त्यामुळे लाइट गेली की लॉक उघडेल असं काही नाही, बऱ्याच गाड्या लाइट गेली तरी गन धरूनच ठेवतात, आणि ठेवायलाच पाहिजे, नाहीतर लोडशेडिंग झालं की कोणीही येऊन केबल घेऊन जाईल. उलट ही १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर मात्र लॉक खरंच उघडत नाही, गाडी चालवणारी मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी. कऱ्हाडजवळ हायवेच्या एका चार्जिंग पॉइंटवर मी हे डोळ्यांनी बघितलंय. एक वयस्कर जोडपं होतं, कोल्हापूरला निघालेलं, काका दर दोन मिनिटांनी रिमोट दाबत होते आणि गाडी काहीच आवाज करत नव्हती, काकू घाबरून गेल्या होत्या की आता रात्रभर इथेच. शेवटी एका टेम्पोवाल्याकडे जंपर केबल निघाली, बॉनेट उघडून १२ व्होल्टला जोडली, गाडी जागी झाली आणि पोर्टमधून टक असा आवाज आला. पाच मिनिटांचं काम. मेन स्विच पाडून तिथे काही झालं नसतं.

घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर पोर्टेबल चार्जर लावणाऱ्यांसाठी अजून एक, भिंतीतला प्लग चालू लोडवर खेचून काढू नका. आधी गाडीतून किंवा ॲपवरून चार्जिंग थांबवा, मग गन काढा, मग भिंतीचा स्विच. उलट क्रमाने केलं की ठिणगी भिंतीच्या प्लगमध्ये पडते, आणि तो सॉकेट आधीच तासन्‌तास चाललेल्या लोडने तापलेला असतो.

दुसरा मुद्दा, जोर लावून ओढणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं आणि खरा उपाय नेमका याच्या उलटा आहे.

पावसाळ्यात दार फुगलं की कडी निघत नाही, तेव्हा आपण काय करतो? कडीला हातोडा मारत नाही, दार आतल्या बाजूला दाबतो आणि मग कडी सहज सरकते. इथे अगदी तेच आहे. केबल जड असते, फास्ट चार्जरची तर फारच जड, ती खाली लोंबकळत असली किंवा ताणलेली असली की गन पोर्टमध्ये तिरकी होते आणि तिचं सगळं वजन त्या बारीक पिनवर येतं. मोटर छोटी आहे, तिला दाबलेली पिन मागे घेता येत नाही. तुम्ही ओढता तेव्हा पिन अजून घट्ट धरली जाते, म्हणजे जितकं ओढाल तितकं लॉक पक्कं. मेव्हण्याच्या घरी चार्जर खांबाच्या पलीकडे बसवलाय, त्या दिवशी गाडी जरा पुढे लावली होती आणि केबल कमी पडत होती म्हणून ताणून लावली होती. एवढंच कारण होतं.

तर करायचं असं. चार्जिंग थांबवा. एका हाताने केबलचं वजन उचलून धरा, गन गाडीच्या दिशेने आत दाबा, आणि दाबून ठेवलेली असतानाच अनलॉक करा. टक आवाज ऐका. नाही आला तर गाडी परत लॉक करा, परत अनलॉक, असं तीन-चार वेळा, चिखल-धुळीने जड झालेली पिन बऱ्याचदा याने मोकळी होते. आवाज आला की मग गन सरळ बाहेर, वाकडी-तिकडी नाही. एकटे असाल तर दुसऱ्या कोणाला रिमोट द्या, लाज कसली त्यात. माझ्या ओळखीतल्या अडकलेल्या गनांपैकी बहुतेक एवढ्यावरच सुटल्यात.

तेल आणि स्प्रेबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्या पिनांमधून करंट जातो त्या उघड्या तिथेच आहेत. तेलावर धूळ बसते, तिची पेस्ट होते, आणि काही स्प्रे प्लास्टिक आणि रबरी सील खराब करतात. पोर्टमध्ये पाणी किंवा चिखल दिसत असेल तर सर्व्हिस सेंटरला साफ करून घ्या. खोबरेल तेल डोक्याला.

चौथा, लाल बटण. हे बटण खरं आहे आणि महत्त्वाचं आहे, म्हणूनच ते गन सोडवायला वापरू नका. धूर दिसला, जळका वास आला, केबल कापली गेली, कोणाला शॉक बसला, तेव्हा एक सेकंद न घालवता दाबायचं. त्याने चार्जरचा पुरवठा तुटतो. पण लॉक गाडीत आहे हे आपण वर बघितलं, बटण त्या पिनेला हात लावत नाही. करंट गेल्यावर गाडी स्वतःहून सोडेल किंवा नाही सोडणार. आणि भरात चालू असलेलं चार्जिंग असं अचानक तोडलं की आतल्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर, ताण येतो, शिवाय बटण रीसेट करेपर्यंत चार्जर बंद राहतो आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस, ज्याच्याकडे आठ टक्के चार्ज उरलाय, तो अडकतो. हेल्पलाइनला फोन करा, ते सेशन लांबून बंद करू शकतात. गाडीतलं लॉक मात्र त्यांना उघडता येत नाही, त्यामुळे सेशन बंद झाल्यावरही गन निघत नसेल तर त्यांच्यावर ओरडू नका, प्रश्न गाडीचा आहे.

आता पाचवा. या एका ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

दोरी खरी आहे. गुप्त वगैरे काही नाही, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पोर्ट मागे असेल तर बहुतेक वेळा डिकीत बाजूच्या अस्तरामागे, पोर्ट पुढे असेल तर बॉनेटखाली, काही मॉडेलना नसतेच. टेस्ला मॉडेल वायमध्ये, जी जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला विक्रीला आली, ती डिकीच्या डाव्या बाजूला आहे. पण त्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट बजावलंय की दोरी ओढणं आणि गन ओढणं एकाच वेळी करायचं नाही, आधी दोरी, मग गन, नाहीतर शॉक बसून गंभीर इजा होऊ शकते. आणि चार्जिंग आधी थांबलेलं असलं पाहिजे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी ही अट काढून टाकली आणि वर "चार्जिंग चालू असताना पण" असं स्वतःच्या मनाने जोडलं.

चालू असताना का नाही, ते आकड्यांत बघा. ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर ४०० व्होल्टला साधारण १५० अँपियर देतो. आपल्या गल्लीत ग्रिल बनवणारा वेल्डिंग करतो ना, त्याचा जाळ साधारण २०-३० व्होल्टवर चालतो, करंट शंभरच्या आसपास, आणि तेवढ्यात लोखंड वितळतं. इथे व्होल्टेज दहापटीपेक्षा जास्त आहे आणि गन तुमच्या हातात, तोंड तुमच्या पोटाच्या उंचीवर. त्यात हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. घरचा एसी करंट, म्हणजे उलटसुलट दिशा बदलणारा, ५० हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, जाळ एकदा पेटला की पिना लांब जाईपर्यंत जळत राहतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो, कारण कोणीतरी म्हणेलच की चार्जर लगेच बंद होतो. बरोबर आहे. गनमध्ये सिग्नलच्या पिना मुख्य पिनांपेक्षा आखूड केलेल्या असतात, त्या आधी सुटतात, चार्जरला कळतं आणि तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. पण तो मागचा बांध आहे, पहिला बांध फुटला तर म्हणून ठेवलेला. पहिला बांध म्हणजे लॉक. एक बांध हाताने फोडायचा आणि दुसऱ्याच्या भरवशावर खाली घर बांधायचं, हे मी तरी कोणाला सांगणार नाही, आणि जुन्या, मार खाल्लेल्या, पावसात भिजलेल्या सार्वजनिक गनवर तर अजिबातच नाही.

अजून एक गैरसमज यातच येतो, स्क्रीनवर चार्जिंग सुरू झालेलं दिसत नाही म्हणजे केबलमध्ये काही नाही. फास्ट चार्जर सुरू होण्याआधी केबलचं इन्सुलेशन तपासतो, आणि त्यासाठी तो ५०० व्होल्टपर्यंत केबलमध्ये सोडू शकतो. स्क्रीनवर तेव्हा नुसतं "तयारी चालू आहे" असं काहीतरी दिसत असतं. त्या वेळेला पण गनशी खेळ नको. संपल्यावरही गाडी व्होल्टेज ६० च्या खाली उतरायची वाट बघते आणि मग पिन सोडते, म्हणून कधी कधी चार-पाच सेकंद लागतात. थांबा तेवढं.

मग दोरी कधी? चार्जिंग थांबवलंय, स्क्रीनवर आणि ॲपवर दोन्हीकडे थांबलेलं दिसतंय, दाबून-अनलॉक करून झालंय, १२ व्होल्टची बॅटरी बघून झालीय, आणि तरी पिन हलत नाही, तेव्हा. आधी दोरी ओढा, सोडा, मग गनला हात. दोन माणसं असतील तर एकाने दोरी आणि त्याच वेळी दुसऱ्याने गन, असं करू नका, नेमकं तेच सगळे करायला जातात.

राहिला सहावा. लॉक काढून टाका म्हणे. ज्या वायरमनला असं करायला सांगताय तो बिचारा करेल पण, आणि मग गाडी फास्ट चार्जरवर लावलीत की चार्जिंग सुरूच होणार नाही, कारण डीसी चालू करण्याआधी गाडी "गन लॉक झाली" याची खात्री करून घेते. म्हणजे पुण्याहून निघालात, चार्जरवर उभे राहिलात, आणि जिथून निघालात तिथेच टो करून परत. घरी एसी करंटवर कदाचित चालेल, पण मग पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं गन ओढून बघणार, आणि केबलमधल्या तांब्याला भंगारात भाव काय मिळतो हे चोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पैसे काढायची सोय म्हणाल तर मेव्हण्याचे पैसे लॉकने नाही घालवले, ओढण्याने घालवले.

ज्यांच्याकडे ईव्ही आहे त्यांनी रविवारी उजेडात, चार्जिंग न लावता, आपल्या गाडीत ती दोरी आहे का आणि कुठे आहे ते एकदा शोधून ठेवा, घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्यालाही दाखवा. मेव्हण्याच्या गाडीत ती होती, डिकीत स्टेपनीच्या बाजूच्या झाकणामागे, पोर्ट बदलून आल्यावर मेकॅनिकने दाखवली. आता केबल कमी पडू नये म्हणून चार्जर खांबाच्या अलीकडे घ्यायचाय, सेक्रेटरीला अर्ज दिलाय.