टेकतंय ते चाक

परवा गुरुवारी एका तरण्या पोरानं माझ्या स्कूटरची चाकं मोजली. मोठ्यानं, एकेका चाकाला बोट लावून. "एक, दोन, तीन, चार." मग पावतीपुस्तकाचं पान उलटून म्हणाला, "मावशी, चारचाकीचे तीस."

पैशांचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा.

मागची कथा थोडक्यात सांगते. दिवाळीच्या आधी न्हाणीघरात पाय घसरला, डाव्या घोट्यात एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण सिग्नलला डावा पाय टेकायचा नाही. घरातून सल्ला आला, आता रिक्षानं जात जा. मी 1980 साली लुनावर हात बसवलेली बाई. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवायला दुचाकीवरून गेले, पावसाळ्यात रेनकोटच्या आत वह्यांचा गठ्ठा घेऊन. मी सरळ आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री गाठला आणि स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चाक बसवून आणलं. आरटीओच्या कागदांचा लेख वेगळा आहे, तो रक्तदाब उतरला की लिहीन.

मला वाटलं होतं, तीच स्कूटर, फक्त पडणार नाही. चूक. ती स्कूटर गेली. तिच्या जागी तिच्याच रंगाचं, तिच्याच नंबरचं वेगळंच जनावर आलं.

दुचाकी वळवताना आपण हँडल फार फिरवत नाही. अंग झुकवतो, गाडी झुकते, वळण होतं. चाळीस वर्षांनी हे अंगात इतकं मुरतं की आपण काही करतोय असंही वाटत नाही. उद्यमनगरातून बाहेर पडताना पहिल्याच डाव्या वळणाला मी सवयीनं डावीकडे झुकले. मी एकटीच झुकले. गाडी ताठ. ती सरळ समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे निघाली, आणि मी तिच्यावर डावीकडे कलून, जणू नवऱ्यामुलाला बोहल्यावर कुणीतरी कानात काही सांगतंय. रसवाल्यानं ग्लास उचलून घेतले, गाडा तिथेच ठेवला. हिला वळवायला अंग नाही, हात लागतात. हँडल ओढून वळवायचं, आणि वळताना अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं ते सोसायचं.

सरळ रस्ता म्हणाल तर तो सरळ नसतो हेही मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता करतात. दुचाकीला हे कळत नाही. माझ्या गाडीला फार चांगलं कळतं. ती अख्खा वेळ डावीकडे, गटाराकडे जायला बघते, आणि मी तिला उजवीकडे ओढत असते. बाजारात जाऊन आले की खांदा दुखतो. स्कूटरला तीन पावलवाटा लागतात, मधली, डावी आणि उजवी. पूर्वी एक खड्डा चुकवला की चुकला. आता मधलं चाक वाचवलं की तोच खड्डा डाव्या चाकाच्या वाट्याला येतो. आमच्या मंगळवार पेठेत तीन चाकांना पुरून उरतील इतके खड्डे आहेत, पावसाळ्यानंतर तर शिल्लकही राहतात.

आणि आवाज. शाळेत मी ध्वनिदर्शक शब्द शिकवायची. पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम, बांगड्यांचा किणकिणाट. (त्या यादीत तारकांचा चमचमाटही असायचा. तो कुणाच्या कानाला ऐकू येतो हे एकाही मुलानं मला विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.) माझ्या गाडीचे आवाज त्या यादीत बसत नाहीत. डाव्या मडगार्डची खर्रर्र. उजव्या स्प्रिंगची चुंईंक्, ती फक्त खड्ड्यातून वर येताना. गतिरोधकावर आधी एक 'धप्', मग तीन चाकांचा मिळून 'धडाड्खळ्ळ', त्यातला 'खळ्ळ' कुठून येतो ते अजून सापडलेलं नाही. पहिल्या दिवशी मी वाटेत चार वेळा थांबून खाली काही पडलं का बघितलं. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं आता मी कोपऱ्यावर दिसण्याआधीच म्हणतात, "बाई आल्या." मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "बाई, लोखंड हाय, बोलणारच. न बोलंल तवा फोन करा." शिवाय बजावलं, की मधलं चाक खड्ड्यात येईल अशी गाडी उभी करू नका, बाजूची दोन चाकं वर टेकून राहतील आणि मधलं नुसतं हवेत फिरत बसेल. हे मी ऐकलं. ऐकलं होतं हे मला नंतर आठवलं.

तर गुरुवार. बाजाराजवळचं पार्किंगचं मैदान. कुठलं ते सांगत नाही, मला पुन्हा तिथेच जायचं आहे.

मी म्हटलं, "अरे, ही दुचाकी आहे. दहा रुपये."

"चार चाकं हायत की."

"स्कूटर आहे."

"व्हय, पर चाकं?"

आता मी मराठीची शिक्षिका. माझ्या तोंडून जे यायचं तेच आलं. मी त्याला सांगितलं की दुचाकी हा द्विगू समास नाही. पंचवटी हा द्विगू, पाच वडांचा समूह. दुचाकी म्हणजे दोन चाकांचा समूह नव्हे. दोन चाकं जिला आहेत ती, म्हणजे गाडी. बहुव्रीही. म्हणजे शब्द गाडीच्या जातीबद्दल बोलतो, चाकं मोजत नाही. पोरगं शांतपणे ऐकत होतं. एवढ्या शांतपणे माझं नववीच्या वर्गात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "तीस."

मी आरसी काढून दाखवलं. त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं. "ह्ये आरटीओचं झालं. आमचं येगळं हाय."

एव्हाना पाचसहा माणसं जमली होती. त्यातला एक माझ्या डोक्यावरून त्या पोराला विचारतो, "काय झालंय वो मावशीस्नी?" मी तिथेच उभी होते. दोन्ही कान शाबूत. हे मला नवीन नाही. चाकं बसवल्यापासून पेट्रोल पंपावरचा मुलगा 'किती टाकू' हे मला विचारत नाही, मागे बसलेल्या आमच्या ह्यांना विचारतो. ह्यांना तर पेट्रोलची टोपी कुठे आहे तेही ठाऊक नाही. मला विचारलंच तर आवाज चढवून, एकेक अक्षर सुटं करून. घोट्यात स्क्रू बसले म्हणून माणूस बहिरा होतो, अशी काहीतरी समजूत असावी. गंमत म्हणून सांगतेय, पण गंमत नाही.

तेवढ्यात ते आजोबा आले. आले म्हणजे कुंपणाच्या दगडावर आधीपासून बसलेले होते, कुणाच्या तरी टेम्पोची वाट बघत. डोक्याला गुलाबी फेटा, पायाशी शेंगांचं पोतं, तळहातावर तंबाखू. तंबाखूला चुना लावत लावत त्यांनी आमची सगळी वकिली ऐकली होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. बैल बघतात तशी. दातच तेवढे बघायचे राहिले.

"भांडताय कशापायी?" ते म्हणाले. "चाक कशाला म्हणायचं, ते आदी ठरवा."

कुणी काही बोललं नाही. एवढा मूलभूत प्रश्न पार्किंगमध्ये अपेक्षित नसतो.

"जे भुईला टेकतंय, ते चाक," आजोबा म्हणाले. "जे टेकत न्हाय, ते नुसतं लटकतंय. आमच्या घरात गाडीचं एक चाक भितीला टेकवून ठेवलंय बारा वर्सं. त्याला काय चाक म्हणायचं?"

"ते भिंतीला टेकतंय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

मला हे पटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या बाजूचा वाटेल असा कुठलाही सिद्धांत मला पटला असता. बाजूची चाकं नुसती आधाराला आहेत, ती टेकत नसतील, दोनच टेकतील, दहा रुपये. मी म्हटलं, बघा तपासून.

आजोबांनी पोराकडून एक कोरी पावती मागून घेतली, गुडघ्यावर बसले आणि पावती चाकाखाली सरकवू लागले. पुढचं चाक. पावती अडली. "एक." डावं. अडली. "दोन." उजवं. अडली. "तीन." गर्दी आता चांगलीच पुढे सरकली होती. मग मागचं मूळ चाक, इंजिनाचं, कंपनीनं दिलेलं, ज्याच्या जिवावर मी या गाडीला स्कूटर म्हणत होते ते. पावती त्याच्याखालून आरपार गेली. आजोबांनी ती दुसऱ्या बाजूनं काढून सगळ्यांना दाखवली, दहीहंडीतलं दही दाखवावं तशी.

मी खड्ड्यावर गाडी लावली होती. मिस्त्रीचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

"तीन," आजोबा म्हणाले. "ही रिक्षा हाय."

कोल्हापुरात हा अपमान नव्हे. आमच्याकडे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, आरसे आणि झालरी लावून. पण पोराचा चेहरा पडला. रिक्षाचा दरच त्याच्या पुस्तकात नव्हता. "रिक्षाला आत लावायची परवानगी न्हाय. भाईर काढा."

म्हणजे आता तीस रुपये द्यायची तयारी दाखवली तरी मला जागा नाही! तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं म्हणून तीन चाकांची स्कूटर. रात्री घरी चिडून वाचत बसले, तर कळलं की 1886 साली कार्ल बेंझनं पेटंट घेतलेली मोटार तीनच चाकांची होती. 1888 साली त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन तसल्याच तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली, सुमारे 106 किलोमीटर. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं मोकळी केली, चढावर पोरांनी गाडी ढकलली. म्हणजे खडखडाट तिच्याही वाट्याला आला असणार. पण चाकाखाली कागद सरकवणारा तिला भेटला नव्हता, नाहीतर मोटारीचा इतिहास औषधाच्या दुकानाशीच थांबला असता.

तर मैदानात मी म्हटलं, गाडी बाहेर काढणार नाही. मागे चारचाकी हॉर्न देत होती. आजोबांनाच दया आली, माझी नव्हे, पोराची. "हे बघ, चारचं भांडण हाय न्हवं? दोन दोन करून घे. दुचाकीच्या दोन पावत्या फाड."

वीस रुपये. तीसपेक्षा कमी, दहापेक्षा जास्त, आणि अर्थ काहीच नाही. मी दिले. पोरानं पहिल्या पावतीवर माझा नंबर लिहिला. दुसऱ्यावर पेन टेकवून थांबला.

"ह्या दुसऱ्या गाडीचा नंबर?"

"तोच टाक," आजोबा म्हणाले, "म्होरं 'अ' लाव."

पाऊण तासानं मेथी, वांगी आणि आंबाडी घेऊन परत आले. आजोबा दगडावरच होते. टेम्पो आला नव्हता. मी चालू करून ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन ओरडलं, मागचं चाक गरागरा फिरलं, गाडी जागची हलली नाही. खड्ड्यातली माती तेवढी उडाली, ती आंबाडीवर. पुन्हा पिळला. पुन्हा तेच, आणि वरून 'खळ्ळ'.

"हवंत हाय चाक," आजोबा ओरडले. "वजन पायजे मागं. ए, बस जा मावशीच्या मागं!"

पावतीवाला पोरगा मागे येऊन बसला. गाडी मागून दबली, चाकाला भुई लागली, आणि आम्ही दोघं एका झटक्यात पुढे.

"टेकलं!" मागून आजोबांचा आवाज. "आता चार झाली बघ!"

मी थांबले नाही. थांबले असते तर त्यांनी हिशेब पुन्हा मांडला असता. थेट फाटकापाशी ब्रेक लावला. तिथे दुसरा माणूस पावत्या बघायला बसलेला. मी दोन्ही दिल्या. त्यानं वाचल्या, गाडीकडे बघितलं, परत वाचल्या.

"मावशी, दुसरी गाडी कुटं हाय?"

मी काही बोलले नाही, मान वळवून मागे बघितलं. त्या दोन्ही पावत्या स्वतःच्या हातानं फाडणारा पोरगा मागच्या दांडीला घट्ट धरून बसला होता.

"मला काय इचारतोस," तो म्हणाला, "मी डबलसीट हाय."